जेमी जोसेफ आणि योकोहामाचा तो रविवार

२०१९ च्या रग्बी विश्वचषकात मी जपानमध्ये एका परदेशी क्रीडावृत्त चमूसोबत दुभाषी म्हणून काम करत होते. १३ ऑक्टोबरच्या सकाळी माझ्याकडे दोन कामे होती. योकोहामात संध्याकाळी होणारा जपान–स्कॉटलंड सामना होणार की नाही, याबाबतच्या जपानी सूचना तत्काळ कळवायच्या होत्या आणि जपानचे प्रशिक्षक जेमी जोसेफ यांच्या कारकिर्दीचा वृत्तान्त तयार ठेवायचा होता.

आदल्या संध्याकाळी हागिबिस हे वादळ इझु द्वीपकल्पावर धडकले होते. शनिवारचे दोन सामने आधीच रद्द झाले होते आणि रविवारी कामाईशी येथील नामिबिया–कॅनडा सामनाही रद्द झाला. योकोहामाचे मैदान त्सुरुमी नदीच्या पूरक्षेत्रात खांबांवर उभे आहे. नदी फुगली की पाणी भोवतालच्या सखल जागेत घ्यायचे, हीच त्या परिसराची रचना आहे, आणि त्या रात्री ती उपयोगी पडली. सामना रद्द झाला असता, तर गुण विभागले जाऊन जपान न खेळताच उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला असता. पाहणीनंतर सामना होणार असे जाहीर झाले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला, कारण चार वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये दक्षिण आफ्रिकेला ३४–३२ असे हरवूनही, अवघ्या चार दिवसांनी याच स्कॉटलंडकडून ४५–१० असा पराभव पत्करलेल्या जपानला हा प्रश्न मैदानावरच सोडवायचा होता.

वृत्तान्ताच्या मसुद्यात जोसेफ यांची ओळख ‘न्यूझीलंडचे माजी खेळाडू’ एवढीच होती. ती खोटी नव्हती. फ्लँकर म्हणून, म्हणजे आघाडीच्या फळीच्या कडेला खेळणारा खेळाडू म्हणून, ते न्यूझीलंडकडून २० कसोटी (आंतरराष्ट्रीय) सामने खेळले आणि १९९५ मध्ये जोहान्सबर्गला दक्षिण आफ्रिकेने १५–१२ असा जिंकलेला विश्वचषकाचा अंतिम सामनाही त्यांनी खेळला. परंतु त्यानंतर ते जपानमधील फुकुओका येथील सानिक्स संघात आले आणि, तेव्हाच्या नियमांनुसार दुसऱ्या देशाकडून खेळणे शक्य असल्याने, १९९९ च्या विश्वचषकात जपानच्या जर्सीत उतरले. वेल्समध्ये झालेल्या सामन्यांत सामोआ, वेल्स आणि अर्जेंटिना या तिघांकडूनही जपान हरला. पुढे मायदेशी परतून त्यांनी डनेडिनच्या हायलँडर्स संघाला २०१५ मध्ये सुपर रग्बी या दक्षिण गोलार्धातील क्लब स्पर्धेचे विजेतेपद मिळवून दिले आणि २०१६ मध्ये जपानची सूत्रे हाती घेतली. माझ्या मते या माणसाला समजून घेण्यासाठी विजेतेपदाइतकेच ते तीन पराभवही महत्त्वाचे आहेत. परदेशातून येऊन जपानी संघात मिसळणे म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते, आणि आता त्यांच्या संघातील जवळपास निम्मे खेळाडू जपानबाहेर जन्मलेले होते. कर्णधार मायकेल लीच हेही त्यांपैकीच. याच स्पर्धेत आयर्लंडविरुद्ध लीच यांना सुरुवातीला राखीव ठेवण्याचा निर्णय जोसेफ यांनी घेतला आणि जपानने तो सामना १९–१२ असा जिंकला. असा निर्णय पचवणारा संघ घडवायला वर्षे लागतात.

सामन्यापूर्वी वादळातील मृतांना श्रद्धांजली वाहण्यात आली. स्कॉटलंडने सुरुवातीलाच ट्राय केला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवून गुण मिळवले, पण मात्सुशिमा यांनी बरोबरी साधली. मग आला तो क्षण, ज्याविषयी मी आजही तासन्‌तास बोलू शकेन. धडक बसून खाली कोसळत असतानाही खेळाडू एकामागून एक चेंडू साथीदाराच्या हाती देत गेले आणि शेवटी प्रॉप, म्हणजे पहिल्या फळीतील धिप्पाड खेळाडू, इनागाकी यांनी आपला पहिला आंतरराष्ट्रीय ट्राय केला. फुकुओका या खेळाडूच्या दोन ट्रायमुळे आघाडी २८–७ झाली. स्कॉटलंडने ती २८–२१ वर आणली आणि शेवटची वीस-पंचवीस मिनिटे अतिशय ताणाची गेली, तरी जपानची बचावफळी ढळली नाही. विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचणारा जपान हा आशियातील पहिला संघ ठरला.

रात्री वृत्त पाठवताना संपादकांना ‘परदेशी प्रशिक्षकाची किमया’ असे शीर्षक हवे होते. दुभाष्याने शीर्षकावर मत द्यावे अशी अपेक्षा नसते, तरीही मी १९९९ चे निकाल त्यांच्यापुढे ठेवले आणि हा माणूस जपानसाठी स्वतः खेळलेला, स्वतः हरलेला आहे, असे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. शीर्षक बदलले, आणि वृत्तान्ताची सुरुवात वीस वर्षांपूर्वीच्या वेल्समधील त्या तीन पराभवांनी झाली.