इंग्लंडची मोटार कुणी बुडवली?

‘इंग्लंडचा मोटारधंदा युनियनवाल्यांनीच खाल्ला ना?’ हे मला बहुधा छोटे कारखानदार विचारतात, आणि उत्तर ‘हो’ हवं असतं. मी नोकरीभर गाड्यांच्या सुट्या भागांचं कॉस्टिंग केलं, त्यामुळे माझं बोट आधी साहेबांच्या वहीवर जातं.

१९५९ साली ऑस्टिन-मॉरिसवाल्यांची छोटी गाडी मिनी आली, ४९६ पौंडांना. फोर्डच्या लोकांनी एक विकत घेऊन पार खोलली, भागाभागाची किंमत मांडली आणि म्हणाले, गाडीमागे तीसेक पौंड तोटा होत असणार. आकड्यावर वाद घाला हवा तर. पण एवढी गाजलेली गाडी, आणि गल्ल्यात त्या मानानं काहीच नाही!

१९६८ मध्ये सरकारच्या आग्रहानं ऑस्टिन, मॉरिस, ट्रायम्फ, रोव्हर, जग्वार सगळे ब्रिटिश लेलँड नावाच्या एका छपराखाली आले. प्रमुख डोनाल्ड स्टोक्स, ट्रक-बस विकण्यात वाकबगार. एकत्र कुटुंब झालं खरं, पण चुली वेगळ्याच राहिल्या. रोव्हर आणि ट्रायम्फ एकमेकांचंच गिऱ्हाईक ओढत बसले.

ब्रिटिश लेलँडच्या अ‍ॅलेग्रो गाडीचं उदाहरण मला फार आवडतं. हॅरिस मॅननं काढलेलं मूळ चित्र सडपातळ होतं. मग हाताशी असलेलं उंच इंजिन आणि अवजड हीटर त्यातच बसवायचं ठरलं, आणि गाडी फुगली. मागचा उघडणारा दरवाजा द्यायचा नाही, कारण तो कंपनीच्याच मॅक्सी गाडीला दिलेला. स्टिअरिंग मात्र चौकोनी! १९७३ मध्ये ती बाजारात आली. पुढच्याच वर्षी फोक्सवॅगननं मागून उघडणारी गोल्फ आणली. १९७५ मध्ये ब्रिटिश लेलँड सरकारला ताब्यात घ्यावी लागली.

संप होत नव्हते असं नाही. कंपनीच्या लाँगब्रिज कारखान्यात युनियनचा पुढारी डेरेक रॉबिन्सनच्या काळात कामं ऊठसूट बंद पडायची, आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. पण अ‍ॅलेग्रोचा आराखडा काही त्यानं मंजूर केला नव्हता. शिवाय १९८६ पासून सुंदरलंडला निस्साननं इंग्रज कामगारांकडूनच चोख गाड्या बनवून घेतल्या. नवा कारखाना आणि एकाच युनियनशी करार, ही सोय त्यांना होती, हे मान्य. पण ते जमवणं हेही व्यवस्थापनाचंच काम ना?

ब्रिटिश लेलँडचं जे उरलं ते पुढे रोव्हर या नावानं जर्मनीच्या बीएमडब्ल्यूकडे गेलं, आणि २००० साली बीएमडब्ल्यूनं ती रोव्हर दहा पौंडांना विकली. नव्या मालकांनी २००३ मध्ये पुण्यात बनलेली इंडिका रोव्हरचा बिल्ला लावून ६,४९५ पौंडांपासून विकायला काढली. इंग्रज गिऱ्हाइकानं पाठ फिरवली. २००५ मध्ये कंपनी बसली, सहा हजारांच्या आसपास माणसं घरी गेली. सरकारी चौकशीचा अहवाल २००९ मध्ये आला. वरच्या पाच साहेबांनी मिळून पगार-पेन्शनपोटी घेतलेली रक्कम त्यात नोंदवली आहे: ४ कोटी २० लाख पौंड.