ग्रब जागेवरच होतं

बायोस (मशीन सुरू करणारं मदरबोर्डवरचं फर्मवेअर) अपडेट केल्यानंतर लॅपटॉप सरळ विंडोजमध्ये उघडू लागला होता, त्यावरच्या उबुंटू या लिनक्स सिस्टिमचा मेनू गायब. माझ्याकडे येण्याआधी कुणीतरी लाइव्ह यूएसबीवरून (इन्स्टॉल न करता उबुंटू चालवणाऱ्या पेनड्राइव्हवरून) ग्रब, म्हणजे तो मेनू दाखवणारा बूट प्रोग्रॅम, पुन्हा टाकायचा प्रयत्न केला होता. त्या एररचा फोटो सोबत होता: जीपीटी (पार्टिशन मांडायची नवी पद्धत) डिस्कवर बायोस बूट पार्टिशन नाही.

निदानाला हा फोटो पुरेसा होता. ही तक्रार ग्रब फक्त जुन्या लेगसी पद्धतीने बसताना करतं, आणि हे मशीन तर यूईएफआय या नव्या बूट पद्धतीवर चालणारं. बूट मेनूत एकच यूएसबी दोनदा दिसते, एकदा नुसत्या नावाने, एकदा पुढे ‘यूईएफआय’ लावून. पहिली निवडली गेली होती. मी दुसरी निवडली आणि टर्मिनल उघडून सिस फोल्डरातल्या फर्मवेअरखाली ‘ईएफआय’ फोल्डर आहे का, ते आधी बघितलं. तो नसेल तर यूएसबी अजून लेगसी पद्धतीनेच सुरू झालेली असते, पुढची एकही कमांड देऊ नये.

मग ईएसपी, म्हणजे बूट फाइलींचं पार्टिशन, माउंट केलं: डिस्कवरचं पहिलं पार्टिशन, 100 एमबी, फॅट32. आत मायक्रोसॉफ्टचा फोल्डर, शेजारी उबुंटूचा, आणि त्यात शिमएक्स64 (ग्रबला सुरू करणारा छोटा लोडर) व ग्रबएक्स64 या दोन्ही फाइली जशाच्या तशा. म्हणजे पुन्हा टाकण्यासारखं काही नव्हतंच! हरवली होती ती मदरबोर्डच्या एनव्हीरॅममधली, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीतली, उबुंटूची बूट नोंद. बायोस अपडेट झाल्यावर ती पुसली जाऊ शकते. या नोंदी दाखवणारी व बदलणारी ईएफआयबूटएमजीआर ही कमांड चालवल्यावर यादीत फक्त विंडोज बूट मॅनेजर दिसला.

त्याच कमांडने नवी नोंद केली. डिस्क, पार्टिशन क्रमांक 1, लेबल उबुंटू आणि लोडर म्हणून शिमचा पाथ. हा पाथ उलट्या स्लॅशने लिहायचा आणि एकेरी अवतरणात ठेवायचा, नाहीतर शेल ते स्लॅश गिळून टाकतं. सिक्युअर बूट (मान्य सही असलेलाच लोडर चालू देणारी सोय) चालू असल्याने ग्रबऐवजी शिमच द्यावं लागतं. सिक्युअर बूट बंद करून काम उरकणं मला पटत नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) असेल तर त्या बदलाने विंडोज रिकव्हरी की मागू शकतं, म्हणून ती की मी काहीही करण्याआधी मागून घेतो.

रीस्टार्ट केल्यावर मेनू आला, पण त्यात विंडोज नव्हतं. आधीच्या खटपटीत अपडेट-ग्रब (मेनूची यादी नव्याने बनवणारी कमांड) चालवलं गेलं होतं, आणि ग्रब 2.06पासून ओएस-प्रोबर, म्हणजे इतर सिस्टिम शोधणारा प्रोग्रॅम, मुळातच बंद असतं. त्यामुळे नवी यादी विंडोजला वगळूनच तयार झाली होती. उबुंटूत जाऊन इटीसीमधल्या डिफॉल्ट फोल्डरातली ग्रबची फाइल उघडली, ‘ग्रब डिसेबल ओएस प्रोबर’ या ओळीत फॉल्स लिहिलं आणि अपडेट-ग्रब पुन्हा दिलं. या वेळी टर्मिनलवर विंडोज बूट मॅनेजर सापडल्याची ओळ उमटली.

दोन्ही सिस्टिम दोन-दोनदा सुरू करून बघितल्या, त्यातली एक खेप मशीन पूर्ण बंद करून. काही फर्मवेअर विंडोजला परत पहिल्या क्रमांकावर नेऊन बसवतात. इथे क्रम टिकला.