तुम्ही विचारलंत म्हणून : शर्टाखाली मावेल असं, पण मोठ्या बोअरचं (म्हणजे नळीच्या आतल्या मोठ्या व्यासाचं) हत्यार कोणतं घ्यावं?

लायसन्स मंजूर झालं की पहिला प्रश्न हाच येतो. विचारणारे कधी नागपूरच्या इतवारीच्या सराफ्यातले, कधी काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या सौद्याला रोकड घेऊन फिरणारे, कधी बिल्डर. "भाऊ, दिसायला नको एवढं लहान पाहिजे, पण बोअर मोठं सांगा. नऊ एमएम नाहीतर पॉइंट थर्टीएट." उत्तराचा पहिला भाग कोणालाच आवडत नाही : ते तुमच्या लायसन्सवर मिळणार नाही.

शस्त्र नियम २०१६ मध्ये हे सरळ लिहिलेलं आहे. ज्या पिस्तुलात किंवा रिव्हॉल्व्हरमध्ये .३८० (तेच पॉइंट थर्टीएट), .४५५ किंवा लष्करी ९ एमएम काडतूस बसून उडू शकतं, ते प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे साध्या लायसन्सवर मनाई असलेलं. नागपूर शहरात लायसन्स पोलीस आयुक्त देतात, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी, पण प्रोहिबिटेड बोअरची फाइल केंद्र सरकारकडे जाते. 'धंद्यात रोकड असते' एवढ्या कारणावर ती हलत नाही. जुनी परदेशी .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हरं अधूनमधून विकायला निघतात आणि ती या यादीत बसत नाहीत, हे खरं. पण त्यांची किंमत नव्या देशी रिव्हॉल्व्हरच्या कितीतरी पट, स्प्रिंग तुटली तर सुटा भाग मिळण्याची मारामार आणि काडतुसांचे वांधे. वर्षातून दहा गोळ्यांचाही सराव ज्यावर परवडत नाही, ते हत्यार तिजोरीत शोभतं, कमरेला नाही.

तेव्हा तुमचं मोठं बोअर म्हणजे .३२ (हा आकडा इंचातला). यात काय मिळतं आणि काय नाही, ते आधी समजून घ्या. .३२ रिव्हॉल्व्हरची शिशाची गोळी सव्वासहा ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला २१५ मीटरच्या घरात, म्हणजे ऊर्जा दीडशे ज्यूलजवळ. .३२ पिस्तुलाची गोळी हलकी, साडेचार ग्रॅमची, पण वेगवान, त्यामुळे ती पावणेदोनशेपर्यंत जाते. ९ एमएमची ऊर्जा साडेचारशे-पाचशे ज्यूल. व्यासातला फरक जेमतेम मिलिमीटरभराचा असला तरी ऊर्जेत तिपटीचा आहे. म्हणून .३२ मध्ये गोळी कुठे लागते याला फार महत्त्व येतं. निवड करताना 'दम किती' हा प्रश्न सोडा आणि 'माझ्या हातून नेम किती लागतो' हा धरा. उमरेड किंवा पेंचच्या बाजूला शेत आहे म्हणून रानडुकरासाठी विचारणारेही असतात. त्यांनी .३२ चा नादच सोडावा. डुक्कर जखमी होऊन अंगावर येईल आणि वन्यजीव कायद्याचा खटला मागोमाग.

आता दुकानात हमखास होणारी गडबड. .३२ ची काडतुसं दोन आहेत आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. रिव्हॉल्व्हरचं लांब, बुडाला ठळक कडा असलेलं. पिस्तुलाचं आखूड, कडा जेमतेम बाहेर आलेली. बिलावर आणि लायसन्सच्या नोंदीत नुसतं '.३२' येऊ देऊ नका. रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, हे लिहिलेलं पाहिजे, नाहीतर पुढे काडतूस घेताना अडता.

पिस्तूल की रिव्हॉल्व्हर? पिस्तूल चपटं असतं, कपड्याखाली फुगवटा कमी आणि मॅगझिन (मुठीत बसणारी काडतुसांची पेटी) पटकन बदलतं. लपवायचं एवढंच पाहिलं तर पिस्तूलच जिंकतं. तरी विचारणाऱ्या दहांतल्या आठांना आम्ही रिव्हॉल्व्हर सांगू. पिस्तूल कोणत्या काडतुसावर रुसतं ते दोन-तीनशे गोळ्या झाडल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडे काडतुसं लायसन्सवर मोजून मिळतात आणि मेकही दुकानात असेल तोच घ्यावा लागतो. शिवाय .३२ पिस्तुलाच्या काडतुसाची ती थोडी बाहेर आलेली कडा नडते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेमागे अडकली, तर स्लाइड (वरचा सरकता भाग) कितीही ओढा, काडतूस पुढे सरकत नाही. भरताना प्रत्येक वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या पुढे राहील असं बसवायचं आणि नंतर मॅगझिन हलवायचं-आपटायचं नाही. हे ज्याच्याकडून रोज होणार नाही, त्याने पिस्तुलाच्या वाटेला जाऊ नये. मनगट ढिलं धरलं तरी रिकामी केस (झाडलेल्या काडतुसाचं पितळी आवरण) नीट बाहेर पडत नाही, ते वेगळंच.

रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस फुसकं निघालं तर चाप पुन्हा ओढायचा, काडतुसांच्या फिरत्या सिलिंडरचं पुढचं घर नळीसमोर येतं. रेंजवर मात्र असं करायचं नाही. नळी निशाण्याकडेच ठेवून तीस सेकंद थांबा, मग उघडा. काही काडतुसं उशिरा उडतात.

देशी पर्याय थोडकेच आहेत. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं जुनं .३२ रिव्हॉल्व्हर जुन्या इंग्रजी वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या घाटाचं : वरची खिटी दाबली की हत्यार मधोमध मोडून नळी खाली झुकते आणि सहाही केसा एकदम वर येतात. २०१४ मध्ये आलेलं 'निर्भीक' त्याच घराण्यातलं, टायटॅनियम मिश्रधातूचं, पाचशे ग्रॅमच्या आसपास. तेव्हाच किंमत सव्वा लाखाच्या जवळ होती. २०२३ मध्ये आलेलं 'प्रबल' बाजूला सिलिंडर उघडणारं, वजन सुमारे ६७५ ग्रॅम. जाहिरातीत त्याची रेंज पन्नास मीटर लिहितात. तीन इंची नळीवर तो आकडा वाचून सोडून द्यावा. 'निडर' हे अडीचशे ग्रॅमचं .२२ आहे. खिशात राहतं खरं, पण .३२ च कमी वाटत होतं ना तुम्हाला?

आमची पसंती बाजूला उघडणाऱ्या, साडेसहाशे-सातशे ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरला. मोडणाऱ्या घाटात सगळा भार त्या वरच्या खिटीवर असतो. ती झिजली की नळी आणि चौकट यांत खेळ येतो, नेम वरखाली होतो. बाजूला उघडणाऱ्याची चौकट अखंड असते. आणि हलकं ते चांगलं, हा समज सोडा. चाप ओढायला पाच-सहा किलोचा जोर लागतो. हत्यार पाचशे ग्रॅमचं असलं की त्या जोराने नळी हलते. लहान हत्यारात पुढच्या आणि मागच्या सायटीतलं (नेम धरायच्या खुणांमधलं) अंतर दहा सेंटीमीटरच्या आसपास असतं. तिथे एक मिलिमीटर चुकलात की सात मीटरवर गोळी सात सेंटीमीटर बाजूला जाते. वजन थोडं जास्त असलं तर हा थरकाप दबतो. बोटं आखूड असतील तर चापाच्या मधोमध तर्जनीचं पहिलं पेर बसतं का ते बघा. नुसतं टोक पुरत असेल तर ते हत्यार तुमचं नाही, मग किती का देखणं असेना.

काउंटरवर हत्यार हातात आलं की आधी स्वतः उघडून सहाही घरं रिकामी आहेत हे बोट घालून बघा. दुकानदार म्हणाला तरी बघा. मग परवानगी विचारून घोडा चढवा आणि अंगठ्याने मागून हलका दाब द्या. घोडा पडला तर खाच झिजली आहे, तिथेच परत द्या. चाप पूर्ण ओढून धरा आणि सिलिंडर दोन बोटांनी हलवा. किंचित खेळ चालतो, खडखड चालत नाही. पुढे-मागे सरकत असेल तर तेही वाईट. सिलिंडर आणि नळी यांच्यामधली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्यांनी) मोजा : ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर ठीक. याहून जास्त असेल तर गरम वायू आणि शिशाचे कण बाजूला उडतात, कमी असेल तर पाचपंचवीस गोळ्यांनंतर काजळीने सिलिंडर अडतं. ही तपासणी सहाही घरांवर करा, एका घरावर सगळं ठीक आणि चौथ्यावर अडकतं असं होतं. जुनं घेत असाल तर घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये येणारी सेफ्टीची पट्टी आहे का ते विचारा. नसेल तर घोड्याखालचं घर कायम रिकामं, म्हणजे तुमचं सहा गोळ्यांचं हत्यार पाचाचं झालं.

लपवण्याबद्दल एक गैरसमज काढू. हत्यार झाकून नेणं ही तुमची हौस नाही, तो नियमच आहे. २०१६ च्या नियमांत ३२ वा नियम सांगतो : सार्वजनिक जागी हँडगन अंगावरच्या होल्स्टरमध्ये किंवा तशा पिशवीत, पूर्ण झाकलेली आणि तुमच्या ताब्यात पाहिजे. लग्नात दाखवणं, वरातीत उडवणं याने लायसन्स जातं आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैदही आहे. अॅक्टिव्हाच्या डिकीत ठेवून सीताबर्डीला पार्किंग लावलं, तर ते तुमच्या ताब्यात आहे असं कोणी मानणार नाही.

नागपुरात अडचण कपड्यांची आहे. वर्षातले आठ महिने जॅकेट घालायची सोय नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर, अंगात पातळ कॉटनचा शर्ट, तोही घामाने पाठीला चिकटलेला. अशा वेळी उजव्या कुशीला, हाडाच्या जरा मागे, पँटच्या आतलं होल्स्टर आणि वर एक साइझ मोठा, न खोचलेला, चौकडीचा शर्ट. साध्या पांढऱ्या कापडावर मुठीची रेघ लगेच उठते, चौकडीत ती हरवते. दुचाकीवर पुढे वाकलं की शर्ट मागून वर चढतो, म्हणून शर्टाची लांबी बसून, वाकून तपासा, आरशासमोर उभं राहून नाही. पट्टा दीड इंची आणि ताठ हवा. मऊ पट्ट्यावर सातशे ग्रॅम लोंबतात आणि माणूस दर पाच मिनिटांनी पँट वर ओढतो. त्या ओढण्यावरूनच सगळ्यांना कळतं. होल्स्टरने चापाभोवतीची कडी पूर्ण झाकली पाहिजे, नुसत्या खिशात किल्ल्यांसोबत हत्यार कधीच नाही.

घाम हा दुसरा शत्रू. त्यातल्या मिठाने अंगाकडच्या बाजूचं निळं पॉलिश आठवड्यात ठिपके धरतं. रोज रात्री उघडून, काडतुसं काढून, तेलाचा हलका हात फिरवायचा आणि कोरड्या फडक्याने पुसायचं. तेल थबथबलं तर ते काडतुसाच्या बुडातल्या प्रायमरपर्यंत (दारू पेटवणाऱ्या टोपीपर्यंत) झिरपतं आणि काडतूस फुसकं होतं. चामड्याच्या होल्स्टरमध्ये रात्रभर ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि पितळावर हिरवट चढते. तशी हिरवट धरलेली काडतुसं घासून परत भरायची नाहीत. अंगावर वागवलेला संच पावसाळ्याच्या आधी रेंजवर झाडून संपवा, रिकाम्या केसांचा हिशेब ठेवा आणि कपाटातला कोरडा संच लावा.