भाऊबीज आणि एक ओसाड बेट

आमच्या घरात भाऊबीजेची एक गोष्ट दरवर्षी निघते, म्हणजे दादाच काढतो, आणि तो सांगतो त्यात मी व्हिलन असते म्हणून एकदा माझ्या बाजूनं लिहून ठेवते.

त्या वर्षी दिवाळी उशिरा होती, नोव्हेंबरच्या मध्यावर. मी सांगलीला घरी, दादा पुण्याहून खास आलेला, टोपी घालून तीन वाजल्यापासून पाटावर. आईनं तबक करून ठेवलेलं, निरांजनातलं तूप एकदा संपून दुसऱ्यांदा घातलेलं. आणि मी आतल्या खोलीत लॅपटॉपवर एका बारचार्टशी झटत बसलेली, कारण रिसर्च पेपरची डेडलाइन त्याच दिवशी संध्याकाळी ५ वाजून २९ मिनिटांनी होती. दादा बाहेरून ओरडतोय, "चिंगे, ओवाळतीस का मी जेवू?"

ही ५.२९ ची भानगड आधी सांगते, कारण दादाला अजून वाटतं मी ती वेळ मनानं ठरवली होती. आमच्या लाइनीतल्या, म्हणजे कॉम्प्युटर आर्किटेक्चर (प्रोसेसर-मेमरीची रचना) आणि प्रोग्रामिंग लँग्वेजेसच्या बऱ्याच कॉन्फरन्सेसची डेडलाइन 'एनीव्हेअर ऑन अर्थ' असते. पृथ्वीवर कुठंतरी अजून ती तारीख चालू आहे तोवर पेपर चालतो. सगळ्यात शेवटी दिवस जिथं संपतो तो टाइमझोन यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, १२ तास मागे आहे आणि त्यात माणूसच राहत नाही, प्रशांत महासागरात बेकर आणि हाउलंड अशी दोन ओसाड बेटं आहेत फक्त. तिथं रात्रीचे ११.५९ झाले की आपल्याकडं दुसऱ्या दिवशीचे संध्याकाळचे ५.२९. म्हणजे अमेरिकेतली पोरं पहाटेपर्यंत जागून पेपर टाकतात आणि आपल्याकडं तो बरोबर चहाच्या वेळी जातो, फक्त भाऊबीज नसावी एवढंच.

बाबांना या सगळ्याचं वेगळंच आश्चर्य. ते केमिस्ट्रीचे, कॉलेजातून रिटायर झालेले. त्यांच्या लेखी कॉन्फरन्स म्हणजे दोन दिवस परगावी जायचं, दहा मिनिटं बोलायचं, जेवण चांगलं असतं, येताना एक कापडी बॅग मिळते (तसल्या तीन बॅगा आमच्याकडं अजून भाजीला वापरतात) आणि खरं काम मग नंतर जर्नलला पाठवायचं. त्यामुळं माझं सणासुदीचं हे चाललेलं बघून त्यांचा एकच प्रश्न, "ते सगळं ठीक आहे गं, पण जर्नलमध्ये कधी येणार?"

त्यांना कितीदा सांगितलं की आमच्यात उलटं आहे. आमच्यात कॉन्फरन्स हेच खरं छापणं. पूर्ण पेपर लिहायचा, ११ पानं म्हणजे ११ पानं, संदर्भ सोडून, नावं झाकून पाठवायचा, मग चार-पाच जण त्याची चिरफाड करतात, आपण उत्तर द्यायचं, आणि ढोबळ मानानं पाचातला एक पेपर आत जातो. जर्नलं आहेत, पण त्यात एकेकाची वर्ष दोन वर्षं जातात आणि तोवर ती चिप जुनी झालेली असते. त्यामुळं या क्षेत्रातलं जे काही मोठं घडलं ते बहुतेक कुठल्या तरी हॉलमध्ये, वीस-पंचवीस मिनिटांच्या भाषणात आधी सांगितलं गेलं.

दोन मोठी घराणी. हार्डवेअरवाल्यांची इस्का आणि लँग्वेजवाल्यांची पॉपल. मजा म्हणजे दोन्ही १९७३ च्या, पॉपल ऑक्टोबरात बॉस्टनला आणि इस्का डिसेंबरात फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलला, आणि दोघींची पन्नाशी २०२३ लाच झाली. पहिल्या पॉपलमध्ये गॅरी किल्डॉलचा पेपर होता, प्रोग्राममध्ये कुठली किंमत कुठवर वाहत जाते ते हिशेबानं काढायचा. तोच किल्डॉल पुढं सीपी/एम ऑपरेटिंग सिस्टिम करणारा. कंपायलरच्या, म्हणजे प्रोग्रामचं मशीनच्या भाषेत भाषांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, वर्गात आजसुद्धा त्याची ती पद्धत फळ्यावर शिकवतात आणि पोरं आजसुद्धा त्यावर गोंधळतात, मीपण गोंधळले होते.

मी पहिल्यांदा असलं काही डोळ्यांनी बघितलं ते जानेवारी २०१० मध्ये. एचपीसीए, हार्डवेअरवाल्यांचीच आणखी एक कॉन्फरन्स, बंगलोरला भरली होती, आणि सोबतच पीपॉप, म्हणजे पॅरलल प्रोग्रामिंगवाल्यांची. मी तेव्हा एमटेकला, सुट्टीला घरी होते, मिरजेहून राणी चन्नम्मानं रात्रभर बसून गेले आणि व्हॉलंटियर म्हणून मला काम मिळालं प्रश्नोत्तरात माइक घेऊन पळायचं. हे काम लई भारी असतं कारण कुणाला काय विचारावंसं वाटतं ते आपल्या हातून जातं. एक दिवस या हॉलमध्ये, एक दिवस त्या. आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या लक्षात आलं की हार्डवेअरच्या हॉलमध्ये जो उठतो तो शेवटी एकच विचारतो, किती टक्के? स्पीड किती वाढला, वीज किती वाचली, चिपवर जागा किती खाल्ली. आणि दुसऱ्या हॉलमध्ये विचारतात, हे बरोबर आहे कशावरून? कुठल्याही क्रमानं थ्रेड, म्हणजे प्रोग्रामचे एकाच वेळी चालणारे भाग, चालले तरी? चहाला सगळे एकत्रच यायचे पण घोळके वेगळे, लग्नात मुलाकडचे आणि मुलीकडचे उभे राहतात तसे. मला तेव्हा ते नुसतं गमतीशीर वाटलं होतं. पुढं आठ वर्षं नोकरी करून पीएचडीला आले आणि माझाच पेपर त्या दोन घोळक्यांच्या मधे जाऊन उभा राहिला तेव्हा कळलं.

पण टक्केवाल्यांना हसू नये हं. १९८१ ची इस्का मिनियापोलिसला होती. त्यात जेम्स स्मिथचा पेपर आहे, प्रोग्राममध्ये 'जर असं तर तसं' आलं की प्रोसेसरनं थांबून न राहता अंदाज बांधून पुढं जायचं, आणि अंदाज मागच्या अनुभवावरून बांधायचा. त्यातला तो छोटासा काउंटर, एकदा चुकलं म्हणून लगेच मत बदलायचं नाही, दोनदा लागोपाठ चुकलं तर बदलायचं. केवढीशी आयडिया. त्याच १९८१ च्या इस्कात पॅटरसन आणि सेकीन यांचा रिस्क-१ चा, म्हणजे थोड्या आणि साध्या सूचनांवर चालणाऱ्या प्रोसेसरचा, पेपरसुद्धा होता. आज तुमच्या खिशातला फोन या दोन्हीच्या वंशजांवर चालतो. आणि २०१८ च्या जानेवारीत स्पेक्टर नावाचं प्रोसेसरमधलं भगदाड बाहेर आलं तेव्हा जगाला कळलं की त्या अंदाज बांधून पुढं जाण्यातूनच गुपितं बाहेर काढता येतात. म्हणजे सदतीस वर्षं सगळे किती टक्के विचारत होते, आणि दुसऱ्या हॉलमधला प्रश्न कुणी पुरेसा विचारलाच नाही.

तसाच रोहॅमर. हा २०१४ च्या इस्कातला, परत मिनियापोलिसच. कार्नेगी मेलन आणि इंटेलच्या लोकांनी दाखवलं की रॅममधली एकच रांग सारखी सारखी, लाखभर वेळा, उघडत राहिलं की शेजारच्या रांगेतले बिट आपोआप उलटतात, त्यांना कुणी हात न लावता. चाळीत एकानं भिंतीत खिळे ठोकत राहावं आणि पलीकडच्याचा फोटो पडावा तसं. १२९ मेमरी मॉड्यूल तपासले, ११० मध्ये हे घडलं. पुढच्याच वर्षी गूगलच्या लोकांनी त्यावरून मशीनचा पूर्ण ताबा घेऊन दाखवला.

लँग्वेजवाल्यांकडचं माझं आवडतं म्हणजे २०११ च्या पीएलडीआय या त्यांच्याच दुसऱ्या कॉन्फरन्समधला सीस्मिथ. यूटा विद्यापीठातल्या लोकांनी वेडेवाकडे सी प्रोग्राम आपोआप तयार करणारं यंत्र केलं आणि तोच प्रोग्राम वेगवेगळ्या कंपायलरना देऊन उत्तरं जुळतात का बघितलं. तीन वर्षांत ३२५ च्या वर बग. ज्या कंपायलरवर सगळं जग डोळे मिटून विश्वास टाकतं त्यातले. त्यात कॉम्पसर्ट नावाचा एक फ्रेंच कंपायलर होता, गणितानं सिद्ध केलेला, त्याच्या सिद्ध केलेल्या मधल्या भागात यांना काही सापडलं नाही. 'बरोबर कशावरून' विचारणाऱ्यांचा एवढा रोकडा विजय मी दुसरा बघितला नाही.

आता माझं दुखणं. माझं काम प्रीफेचिंगचं. प्रोसेसरला रॅममधून एक गोष्ट आणायला शेकडो सायकल, म्हणजे त्याच्या घड्याळाचे ठोके, लागतात, तोवर तो नुसता बसतो. आई कशी गॅस पेटवायच्या आधी फ्रिजमधलं सगळं काढून ओट्यावर मांडून ठेवते, तसं पुढं काय लागणार ते ओळखून आधीच आणून ठेवायचं. अॅरेसारखा सरळ रांगेतला डेटा असला तर सोपं. लिंक्ड लिस्ट, म्हणजे प्रत्येक चिठ्ठीत पुढच्या चिठ्ठीचा पत्ता, असली की एक चिठ्ठी उघडल्याशिवाय पुढचा पत्ता कळत नाही, तिथं हार्डवेअर आंधळं. माझं म्हणणं, कंपायलरला डेटाचा आकार माहीत असतो, त्यानं हार्डवेअरच्या कानात सांगावं. झालं. आयडिया वाईट नाही हो. पण हार्डवेअरवाल्यांकडं पाठवला, तोच तो भाऊबीजेचा पेपर, तर रिव्ह्यू आला, "हे कंपायलरचं काम आहे, आणि सरासरी फायदा ६ टक्केच." लँग्वेजवाल्यांकडं पाठवला तर, "हे हार्डवेअरचं काम आहे, आणि प्रोग्रामचा अर्थ बदलत नाही याची सिद्धता कुठाय?" धड ना इकडं धड ना तिकडं. अशा लोकांसाठीच १९८२ मध्ये पालो आल्टोला ॲस्प्लॉस सुरू झाली होती, आर्किटेक्चर, लँग्वेज आणि ऑपरेटिंग सिस्टिम तिन्ही एका छताखाली, तिथंपण टाकून बघितला. तिथं एका रिव्ह्यूअरनं पहिला प्रश्न विचारला आणि दुसऱ्यानं दुसरा.

भाऊबीजेला ज्या बारचार्टशी झटत होते तो याच ६ टक्क्यांचा. आमच्यात एमसीएफ नावाचा एक बेंचमार्क, म्हणजे स्पीड मोजायचा ठरलेला प्रोग्राम, आहे, स्पेक नावाच्या संचातला, मेमरीची वाट बघण्यात त्याचा जन्म जातो, त्यामुळं प्रीफेचिंगच्या प्रत्येक पेपरात एमसीएफचा बार ताडासारखा उंच असतो आणि बाकीचे त्याच्या पायाशी दूर्वा. माझ्या चार्टमध्ये तो बार चुकून जुन्या रनचा राहिला होता. सहा दिवस चाललेलं सिम्युलेशन सकाळी संपलेलं, नवा आकडा जुन्यापेक्षा कमी. खरा आकडा घातला की सरासरीपण खाली, म्हणजे ॲब्स्ट्रॅक्टमधलं वाक्य बदलायचं, प्रस्तावनेतलं बदलायचं, निष्कर्षातलं बदलायचं. पाच वाजून दहा मिनिटांनी घरचं वायफाय गेलं. मी बाहेर येऊन दादाकडं हात पुढं केला, त्याला वाटलं ओवाळायला आली, मी म्हणलं, "मोबाइल दे, हॉटस्पॉट." ५.२१ ला पेपर गेला, आणि ५.३० ला मी ओवाळलं, कुंकू जरा तिरकं लागलं. यात मी व्हिलन कुठून झाले सांगा.

शेवटी तो पेपर लागला ऊप्स्लाला, म्हणजे लँग्वेजवाल्यांच्याच आणखी एका कॉन्फरन्सला. मधे मी सिद्धता शिकले, आठ महिने गेले, छोटीशी आहे पण आहे. कॉन्फरन्सला मात्र जाता आलं नाही, व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळाली ती कॉन्फरन्स संपल्यावरची. व्हिडिओ पाठवला, रात्री झूमवर बसले, प्रश्न दोन आले. पहिला, "एमसीएफ सोडून किती टक्के?" मला हसूच आलं.

आणि इथं बाबांची एन्ट्री. झालंय असं की 'जर्नल कधी' हा प्रश्न फक्त माझ्या बाबांचा नाही, बऱ्याच देशांत नोकरी-बढतीच्या कमिट्या कॉन्फरन्सला किंमतच देत नाहीत. ते एक मोठं कारण होतं म्हणून २०१७ पासून पॉपल, आयसीएफपी आणि ऊप्स्ला या लँग्वेजवाल्यांच्या कॉन्फरन्सेसचे पेपर एसीएम या कॉम्प्युटरवाल्यांच्या संस्थेच्या एका रीतसर जर्नलात छापायला लागले, पुढं पीएलडीआयपण त्यात आली. म्हणजे माझा पेपर कॉन्फरन्सचाही आणि जर्नलचाही. इस्कावाले मात्र अजून जुन्याच पद्धतीवर. आमच्या इन्स्टिट्यूटच्या फॉर्मवर दोन चौकोन होते, जर्नल, कॉन्फरन्स, मी दोन्हीवर टिक केली, फॉर्म परत आला, कोणताही एक पर्याय निवडा. बाबांना दाखवला तर त्यांनी चष्मा लावून पीडीएफचं पहिलं पान वाचलं. खंड, अंक, लेख क्रमांक, सगळं. मग म्हणाले, "हे तर जर्नलच आहे, मग इतकी वर्षं काय सांगत होतीस?"

पुढचा पेपर लिहायला घेतलाय. परवा दादाचा फोन आला, यंदा भाऊबीजेला किती वाजता निघू विचारायला, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला, "थांब, आधी सांग, तुझ्या त्या ओसाड बेटावर तेव्हा किती वाजलेले असतील?"