झेंडावंदनानंतरचे एक कलम

दर्यापूर तालुक्यातील आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत २६ जानेवारीचे झेंडावंदन झाल्यावर लगेच कोणी घरी जात नसे. तूर काढणीचे आणि कापूस वेचणीचे दिवस असले, तरी त्या सकाळी वावरात उशिरा जाण्याची गावाची रीतच होती. कारण उद्देशिकेचे सामूहिक वाचन झाले की हेडमास्तर गुरुजी संविधानातील एकच कलम निवडून ते सगळ्या गावाला समजावून सांगत. बक्षिसे आणि बुंदीचे वाटप सगळ्याच शाळांत होते. आमच्या शाळेचे वैभव होते ते हे विवेचन.

सुरुवात तारखांनी होई. संविधान सभा ९ डिसेंबर १९४६ रोजी प्रथम भरली, २६ नोव्हेंबर १९४९ रोजी ३९५ कलमांचे संविधान स्वीकारले गेले, आणि १९३० च्या २६ जानेवारीला देशाने पाळलेल्या पूर्ण स्वराज्य दिनाची आठवण म्हणून ते १९५० साली त्याच दिवशी अमलात आले. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पाठोपाठ गुरुजी पंजाबराव देशमुखांचे नाव आवर्जून घेत. आपल्याच जिल्ह्यातील पापळचा माणूस त्या सभेचा सदस्य होता, हे ऐकले की आम्हां पोरांची मान ताठ होई.

कलम ३२६ ची सभा मला सर्वांत प्रिय आहे. इंग्रजी राजवटीत मताचा हक्क मुख्यतः मालमत्ता, करभरणा किंवा शिक्षण असणाऱ्या थोड्या लोकांनाच होता. या कलमाने तो २१ वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकांना दिला, आणि १९८९ पासून ते वय १८ झाले. एवढे सांगून गुरुजींनी गावातील एका वृद्ध आजींना बोलते केले. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती व तिच्यावर त्याचे चिन्ह होते, त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या आजींनाही आपले मत स्वतः टाकता आले होते. ज्यांच्या वावरात त्या निंदणाला जात, त्या घरची बाई त्याच रांगेत होती. “मालकीणबाई माह्या मांगं उभ्या होत्या,” असे त्या म्हणाल्या, तेव्हा पटांगणातील मजूर बायांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच बायांनी मग मजुरीविषयी काही लिहिले आहे का, असे विचारले. पुढच्या वर्षी त्यांच्या आग्रहावरून गुरुजींनी कलम ३९ घेतले, ज्यात स्त्री-पुरुषांना समान कामाबद्दल समान वेतन मिळावे, असे मार्गदर्शक तत्त्व राज्याला घालून दिले आहे.