बारूखची विचारपूस

दादा फोनवर सहज बोलून गेला, "तुझी काय काळजी, तू आहेस म्हणून तर आम्ही निवांत आहोत." चांगल्या मनानेच म्हणाला. आईची साखर किती, जेवते का, रात्री झोप लागते का, सगळं विचारलं. मग फोन ठेवला. ते 'निवांत' दुपारपासून माझ्या छातीत अडकून बसलं आहे.

संध्याकाळी मननाला बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा चाळिसावा अध्याय काढला. 'सांत्वन करा, माझ्या लोकांचे सांत्वन करा.' एरवी इथेच माझे डोळे भरून येतात. आज काही केल्या आत उतरेना. ते सांत्वन साऱ्या लोकांसाठी आहे, बाबेलात, म्हणजे बॅबिलोनला, बंदिवान करून नेलेल्या अख्ख्या यहूदी राष्ट्रासाठी. त्यात एकेकट्या माणसाने आपली जागा कुठे शोधायची? दुसऱ्यांसाठी राबणाऱ्याला कोण विचारतं? हा प्रश्न मी आधीही देवापुढे ठेवला आहे, त्या वर्षी तर रोजच. ते असो.

पानं उलटता उलटता यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा पंचेचाळिसावा अध्याय समोर आला. जेमतेम पाच वचनं. उपासनेत यावर प्रवचन झालेलं मला आठवत नाही. नेरीयाचा मुलगा बारूख, यिर्मयाचा लेखनिक. संदेष्टा सांगणार आणि हा शाईने उतरवणार. यहूदाचा राजा यहोयाकीम याचं चौथं वर्ष, म्हणजे इ.स.पू. 605 च्या सुमारास. यिर्मयाला मंदिरात जायला बंदी, म्हणून ते सगळं लोकांपुढे वाचून दाखवायलाही बारूखच गेला. पुढे तो ग्रंथपट राजापुढे वाचला गेला. हिवाळा होता, समोर शेगडी पेटलेली. तीन-चार स्तंभ वाचून झाले की राजा तेवढा भाग चाकूने कापून शेगडीत टाकायचा. सगळा पट जळाला. मग परमेश्वराने यिर्मयाला दुसरा पट घ्यायला सांगितलं, आणि बारूखने सगळं पुन्हा लिहिलं, वर आणखी भर घालून. त्या पुन्हा लिहिण्याबद्दल बारूखला काय वाटलं, शास्त्रात एक अक्षर नाही. मी मात्र तिथेच थबकते. हात किती दुखला असेल!

आपल्याकडेही पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं मराठी बायबल केडगावच्या छापखान्यात त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या मुलींनी छपाईचे खिळे जुळवून छापलं. रमाबाईंचं नाव आपण घेतो, घ्यायलाच हवं. त्या मुलींपैकी एकीचंही नाव मला सांगता येणार नाही.

या पंचेचाळिसाव्यात बारूख एकदाच स्वतःसाठी बोलतो. आधीच दुःख, त्यात परमेश्वराने आणखी भर घातली, कण्हून कण्हून मी थकलो, मला चैन नाही. एवढंच. आणि देवाने ते ऐकलेलं असतं! त्याच्यासाठी, त्याचं नाव घेऊन, यिर्मयाकडे वेगळा निरोप येतो. अख्खी यरुशलेम पणाला लागलेली असताना एका लेखनिकाच्या कण्हण्याला उत्तर.

उत्तर गोड नाही. देव आधी स्वतःचंच सांगतो: जे मी बांधलं ते मीच पाडतो आहे, जे लावलं ते मीच उपटतो आहे. आज वाचताना पहिल्यांदाच वाटलं, हे सांगताना देवालाही यातना होत असतील. बारूखपुढे तो आपलं दुःख मांडतो आहे, बरोबरीने बसून मांडावं तसं. मग विचारतो, तू आपल्यासाठी मोठाल्या गोष्टी मागतोस? मागू नको. पण जाशील तिथे तुझा जीव मी राखीन.

मोठाल्या गोष्टी म्हणजे काय, ते लिहिलेलं नाही. त्याचा भाऊ सराया पुढे सिद्कीया राजाबरोबर बाबेलला गेलेला अधिकारी. बारूखच्याही मनात तसं काही असेल का? मला काय हवं होतं ते मी इथे लिहीत नाही. देवाला ठाऊक आहे.

'मागू नको' वाचून आधी रडूच आलं. मलाच का मागू नको? मग पुन्हा वाचलं, आणि पुन्हा. त्याला गप्प बस असं कुठेच म्हटलेलं नाही. त्याचं कण्हणं खोडून न टाकता जसंच्या तसं शास्त्रात ठेवलं आहे. इ.स.पू. 586 मध्ये नगर पडलं, मंदिर जळालं, आणि त्यानंतर लोक यिर्मयाला मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, घेऊन गेले तेव्हा बारूख त्यांच्याबरोबर जिवंत होता. बारूखच यिर्मयाला आमच्याविरुद्ध चिथावतो, असा आळ लोकांनी त्याच्यावर घेऊन झाल्यावरही. मोठं काही मिळालं नाही. शब्द मात्र पाळला गेला.

मला आज तेवढं पुरतं आहे. उद्याचं सांगत नाही.

आईला हा अध्याय सकाळी वाचून दाखवणार आहे. यिर्मया फार रडतो, म्हणून तिला तो नको असतो, स्तोत्रं वाच म्हणते. पण पाचच वचनं आहेत, ऐकेल.