सगळं बंद पडलं तर घर कसं तगेल: आधी पाणी, मग मैला, मग धान्य

व्यवस्था कोसळण्याचा विचार मनात आला की बहुतेकांचे डोळे आधी धान्याच्या पोत्यांकडे वळतात. आमच्या मते हा क्रमच चुकतो. 1994 च्या जुलैत रवांडातून पळालेली लाखो माणसं सीमेपलीकडच्या झाईरमधल्या (आताचं काँगो) गोमा शहराभोवती येऊन थांबली. पहिल्या महिनाभरातच त्यातली सुमारे 50,000 दगावली, आणि बहुतेक कॉलऱ्यानं नाहीतर रक्ती हगवणीनं. जमीन ज्वालामुखीच्या कातळाची, त्यामुळे शौचाचे खड्डे खणता येईनात, आणि पाणी भरायचं ते जवळच्या तळ्यातून. म्हणून घरात धान्याचा एक दाणा येण्याआधी पिण्याचं पाणी आणि माणसांचा मैला एकमेकांपासून लांब कसे ठेवायचे, ते ठरवून ठेवा.

घरात चार माणसं धरू. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज 4 लिटर, म्हणजे दोन आठवड्यांना 224 लिटर. हात, भांडी, कपडे, अंग सगळं धरलं तर आपत्तीच्या छावण्यांत माणशी 15 लिटरचा हिशोब करतात. तेवढं पाणी घरात साठवणं अवघड असतं, म्हणून वापरायचं पाणी बाहेरून आणायची तजवीज लागते. पाणी वाहून आणणं हे अंगमेहनतीचं काम आहे. बोस्नियातल्या साराएव्हो शहराला 1992 ते 1996 असा वेढा पडला होता, तेव्हा लोक कॅन घेऊन पाण्याच्या रांगेत तासन् तास उभे राहत आणि त्या रांगांवरही तोफगोळे पडत. अशा वेळी 20 लिटरचा एक कॅन जिना चढवताना खांदा उतरतो. 10 लिटरचे दोन, दोन हातांत, तेच वजन सहज नेतात. 200 लिटरचं पिंप भरल्यावर कोणाला हलत नाही, तेव्हा जागा आधी ठरवा आणि मग भरा.

भांडं अरुंद तोंडाचं, झाकणाचं आणि तोटीचं असावं. स्वच्छ पाण्यात मग बुडवणाऱ्या हातानंच ते पुन्हा नासतं, हे घरोघरी घडतं. दुधाचे किंवा फळांच्या रसाचे रिकामे कॅन घेऊ नका, कितीही धुतले तरी आत अंश राहतोच आणि त्यावर जंतू पोसतात. रसायनं ठेवलेले तर मुळीच नकोत. साठवलेलं पाणी दर सहा महिन्यांनी बदला, कॅनवर भरल्याची तारीख लिहा. नळ बंद पडल्यावर गीझरच्या टाकीतलं पाणीही हाताशी असतं. वीज तोडून, पाणी निवल्यावर खालच्या बाजूनं काढायचं.

साठा संपला की शुद्धीकरण. पाणी गढूळ असेल तर आधी काही तास स्थिर ठेवा, वरचं नितळ पाणी ओतून घ्या आणि चार पदरी सुती कापडातून गाळा. कापड जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं घ्या, त्याची वीण घट्ट बसलेली असते. ही पायरी गाळली तर पुढचं क्लोरीन गाळावरच खर्ची पडतं आणि जंतू वाचतात.

उकळणं सगळ्यांत भरवशाचं. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं, 2,000 मीटरच्या वर तीन मिनिटं. पण उघड्या चुलीवर एक लिटर पाणी उकळायला साधारण एक किलो लाकूड जातं. चार माणसांच्या पिण्याच्या 12 लिटरना रोज 12 किलो सरपण! आठवड्याभरात अंगणातलं सगळं जळून जाईल. म्हणून क्लोरीन हवंच.

ब्लीच वापरायचं तर ज्यात वास, रंग, दाटपणा आणणारं काही नाही, आणि बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट 5 ते 6 टक्के लिहिलं आहे, तेच. लिटरला 2 थेंब, म्हणजे 20 लिटरच्या कॅनला 2 मिली. थेंब मोजण्यात चूक होते, म्हणून बिनसुईची 2 मिलीची सिरिंज बाटलीलाच बांधून ठेवा. पाणी गढूळ किंवा फार थंड असेल तर दुप्पट. ढवळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. क्लोरीनचा पुसट वास आला तर ठीक. नाही आला तर तेवढाच डोस पुन्हा घालून आणखी पाव तास थांबा. तरीही वास येत नसेल तर ते पाणी पिऊ नका, दुसरं शोधा.

अडचण अशी की ब्लीच शिळं होतं. गरम जागी वर्षभरात त्याचा जोर बराच उतरतो, आणि मग मोजून घातलेला डोस नुसता नावापुरता उरतो. लांबच्या पल्ल्याला कॅल्शियम हायपोक्लोराइटची 65 ते 70 टक्क्यांची भुकटी बरी. 1 लिटर पाण्यात 1 ग्रॅम भुकटी विरघळवा आणि त्या द्रावणातलं 10 मिली पिण्याच्या प्रत्येक लिटरला घाला. वेळ तोच, अर्धा तास. भुकटी नेहमी पाण्यात घालायची, भुकटीवर पाणी ओतायचं नाही. ती तेल, इंधन आणि आम्लापासून लांब, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. धातूचा डबा ती खाते आणि तेलाशी गाठ पडली तर पेट घेऊ शकते. क्लोरीननं क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी मरत नाही, आणि पाण्यातले क्षार किंवा कीटकनाशकं तर उकळूनही जात नाहीत. शेतातून किंवा कारखान्याकडून वाहत आलेलं पाणी पिण्याच्या कॅनमध्ये येता कामा नये.

काहीच हाताशी नसेल तर ऊन आहे. 2 लिटरपर्यंतच्या पारदर्शक पेट (PET) प्लास्टिकच्या बाटल्या भरून कडक उन्हात आडव्या 6 तास, ढगाळ असेल तर सलग दोन दिवस. भरलेली बाटली छापील मथळ्यावर उभी करून वरून आत पाहा. अक्षरं वाचता आली तर पाणी पुरेसं नितळ आहे.

आता मैला. यावर लिहायला कोणाला आवडत नाही, म्हणूनच इथे थांबायला हवं. पाणीपुरवठा थांबला की फ्लश थांबतो, आणि सांडपाण्याचे पंप बंद पडले की तळमजल्याच्या घरांत मैला उलटा वर येतो. तुमचं घर तळाला असेल तर बाहेरच्या नळीवर उलटा प्रवाह अडवणारी झडप आहे का ते आत्ताच पाहा. नसेल तर जाळीची तोंडं बंद करायला रबरी बूच आणून ठेवा.

घरातली सोय म्हणजे घट्ट झाकणाच्या 20 लिटरच्या दोन बादल्या, एक लघवीला आणि एक शौचाला. दोन्ही एकत्र केलं की वास आणि माश्या येतात, आणि बादली दोन दिवसांत भरते. वेगळं ठेवलं तर शौचाची बादली चार माणसांना साधारण आठवडाभर पुरते. दर वेळी वरून अर्धा लिटर कोरडा लाकडाचा भुस्सा किंवा चाळलेली राख टाकायची, मैला दिसता कामा नये. हे प्रमाण धरलं तर तीन महिन्यांना 180 लिटर भुस्सा लागतो. धान्याइतकीच त्याचीही जागा काढून ठेवा. पाण्यानं धुण्याची सवय असेल तर ते पाणी तिसऱ्या भांड्यात घ्या, शौचाच्या बादलीत गेलं की कोरडेपणा गेलाच. लघवी दहापट पाण्यात मिसळून झाडांच्या मुळाशी घालता येते. शौचाची बादली खड्ड्यात रिकामी करायची: कोणत्याही विहिरीपासून किंवा झऱ्यापासून किमान 30 मीटर लांब, आणि तळ भूजलाच्या पातळीपेक्षा किमान दीड मीटर वर. बादलीशेजारी तोटीचा 5 लिटरचा कॅन आणि साबण हवाच. हात धुवायचं पाणी शेवटपर्यंत राखा, अंघोळ आधी सोडा.

तरीही जुलाब झालेच तर एक लिटर शुद्ध पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. घोट घोट पाजत राहा, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा द्या. मीठ जास्त पडलं तर लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं, म्हणून मोजमापाचा चमचा साखरेच्या डब्यातच ठेवा. 24 तासांनी उरलेलं फेकून नवं करा.

धान्याचा हिशोब त्या मानानं सोपा. माणशी रोज 450 ग्रॅम धान्य, 80 ग्रॅम डाळी-कडधान्यं आणि 30 ग्रॅम तेल मिळून साधारण 2,100 किलोकॅलरी होतात. चौघांना 90 दिवस म्हणजे 162 किलो धान्य, 29 किलो कडधान्यं, 12 लिटर तेल आणि 2 किलो मीठ. अंगमेहनत वाढली की हे कमी पडेल. पीठ साठवू नका, ते लवकर खवट होतं. अख्खं धान्य आणि हातानं फिरवायची चक्की ठेवा. असडीक तांदूळही त्याच्या तेलामुळे सहा महिन्यांतच बिघडू लागतो. ओलावा तपासायला कोरड्या काचेच्या बरणीत थोडं धान्य आणि कोरडं मीठ घालून हलवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा 15 टक्क्यांच्या वर आहे, पुन्हा वाळवा. हवाबंद डब्यात प्राणवायू शोषणाऱ्या पुड्या घालायच्या असतील तर धान्य याहून खूप कोरडं, 10 टक्क्यांच्या आसपास हवं. ओलसर मालात प्राणवायू काढून घेतला की बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूंना आयती जागा मिळते.

सरपण वाचवायला पेंढ्याची पेटी उत्तम: उकळतं भांडं झाकणासकट पेटीत ठेवायचं, सगळ्या बाजूंनी किमान 10 सेंटिमीटर पेंढा किंवा गोधडी दाबून भरायची. भांडं काठोकाठ असलं तरच उष्णता टिकते. पण राजमा भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळल्याशिवाय पेटीत ठेवू नका. त्यातलं विष मंद आचेवर तसंच राहतं आणि काही तासांत उलट्या सुरू होतात. काढल्यावर खाण्याआधी पुन्हा एक उकळी द्या. बंद खोलीत कोळसा किंवा शेगडी पेटवू नका, जनरेटर घरापासून 6 मीटर लांब ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

विजेचं थोडक्यात. 5 वॅटचे तीन दिवे चार तास, दोन फोन आणि रेडिओ मिळून दिवसाला 100 वॅट-तास. त्याला 50 वॅटचं सौर पॅनेल आणि 12 व्होल्टची 40 अँपियर-तासांची शिशाची बॅटरी पुरते; ती अर्ध्याखाली उतरवू नका. पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये बसणाऱ्या चार्ज कंट्रोलरला आधी बॅटरी जोडा, मग पॅनेल, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ.

नेहमीची औषधं तीन महिन्यांची असावीत, पण ज्याला इन्सुलिन लागतं त्याला साठ्याइतकाच थंडावाही लागतो. न उघडलेली कुपी 2 ते 8 अंशांत टिकते, उघडलेली खोलीच्या तापमानाला साधारण चार आठवडे.

हे सगळं जमवलं की मुख्य नळ आणि मुख्य स्विच 72 तास बंद करा. घरात कोणी विजेवर चालणाऱ्या वैद्यकीय यंत्रावर असेल तर फक्त नळ. पहिल्या रात्रीच कळतं की डबे उघडायला साधं हत्यार नाही, लायटर ओला आहे, मोटारीशिवाय विहिरीतून पाणी काढता येत नाही आणि बादलीवर बसायला आजींना आधार लागतो. प्रत्येक अडचण वहीत लिहा, सोमवारी दुरुस्त करा आणि महिन्यानं पुन्हा 72 तास बंद ठेवा. या वेळी पाणी शुद्ध करण्याचं काम घरातल्या त्या माणसाकडे द्या, ज्यानं ते अजून एकदाही केलेलं नाही.